आत्याच्या मुक्कामाचा प्रस्ताव

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो, आणि ही गोष्ट डोळा लागावा अशी नाही. मांडी घालून बसा, जमत नसेल तर पाय लांब करून बसा, देवाला दोन्ही चालतं. एका भल्या प्राध्यापकाने आपल्या आत्याला घरात ठेवून घेण्यासाठी चौदा पानी अर्ज लिहिला आणि त्याच अर्जापायी आत्या ट्रंक घेऊन घराबाहेर पडली, त्याची ही हकिकत. हसू आलं तर खुशाल हसा. फक्त पाण्याचा पेला हाताशी असू द्या, मध्ये कुठेतरी लागेल.

हा प्राध्यापक अगदी कोवळा. नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. त्याचा अभ्यास गोगलगाईंचा. उन्हात तापलेल्या भिंतीवर गोगलगाय कुठल्या वेळी चढते आणि कुठल्या वेळी विचार बदलते, यावर त्याची दोन वह्या भरून टिपणं होती. विद्यार्थी त्याला पाठीमागे गोगलसर म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर परक्या माणसांचं हसू घासूनपुसून नीट करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याचा पडलेला चेहरा बघायचा, असा तिचा दिनक्रम. आणि तिसरी आत्या. आत्या म्हणजे इस्पितळातली निवृत्त मेट्रन. गोगलसर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, वडील फिरतीवर. तेव्हा आत्याने त्याला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं आणि वॉर्ड सांभाळता सांभाळता वाढवलं. त्यामुळे त्याला अजूनही पलंगावरच्या चादरीचे कोपरे ताठ दुमडल्याशिवाय झोप येत नसे. सहा महिन्यांपूर्वी आत्या निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि ती एक ट्रंक घेऊन भाच्याकडे आली. "चार दिवस राहते," असं म्हणाली होती. त्या चार दिवसांचे सहा महिने झाले, तरी ट्रंकेतले कपडे तिने कपाटात लावले नव्हते.

मग तिच्या मैत्रिणीचं पत्र आलं. निवृत्त परिचारिकांसाठी दुसऱ्या गावी एक निवास होता, तिथे एक खोली रिकामी झाली होती. येणार असलीस तर शनिवारपर्यंत कळव, असं लिहिलं होतं. आत्याने पत्र वाचलं आणि चुंबकाने फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं. आठवडाभर तिघंही दूध काढताना ते पत्र बघत, दूध ठेवताना परत बघत आणि कोणी अवाक्षर काढत नसे.

"बोल ना तिच्याशी," बायको म्हणाली.

"बोलणार आहे. पण नीट बोलायला हवं. सोमवारपासून आमचं वर्कशॉप आहे ना, नव्या प्राध्यापकांचं. सकाळी शिकवायचं कसं, दुपारी संशोधनासाठी निधी मागायचा कसा. सहा दिवसांत मी असा तयार होतो बघ, की समोर दगड ठेवलास तरी त्याला पटवून देईन."

"आत्या दगड नाहीये."

"म्हणूनच तर सोपं जाईल," गोगलसर म्हणाला. आता या आत्मविश्वासाला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

वर्कशॉप घेणाऱ्या मॅडम अंगाने एवढ्याशा, पण गळ्यात शिटी. वीस प्राध्यापकांना त्यांनी लहान मुलांसारखं गोलात बसवलं आणि पहिला धडा दिला. कुणाची चूक दाखवायची असेल तर आधी कौतुक करा, मध्ये चूक सांगा, शेवटी पुन्हा कौतुक करा. म्हणजे माणूस दुखावत नाही. गोगलसरांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याच संध्याकाळी घरी प्रयोग केला.

"आत्या, तू माझ्या शर्टांच्या घड्या किती सुंदर घालतेस."

आत्याने हातातला शर्ट खाली ठेवला. "बोल. काय बिघडलं?"

"काही नाही. म्हटलं, घड्या सुंदर असतात."

"मी बत्तीस वर्षं डॉक्टरांबरोबर काढली, सोन्या. डॉक्टर गोड बोलायला लागला की पुढचं वाक्य मला पाठ असायचं. मधलं सांग."

"मधलं म्हणजे... बाह्या आत दुमडल्या की जरा सुरकुती पडते. पण कॉलर अप्रतिम."

बायको आतून म्हणाली, "मला आज छान म्हणायला येऊ नकोस. माझ्या पिशवीत कवळी आहे, फेकून मारीन."

मंगळवारपासून त्या घरात कौतुकाची धास्ती बसली. "चहा मस्त झालाय" असं कुणी म्हटलं की बाकीचे दोघं कपात डोकावायचे. आत्याने शर्टांना हात लावणं सोडलं. भाच्याच्या मनात काहीतरी आहे आणि तो ते गोडात घोळवतोय, हे तिने ओळखलं. फक्त ते काय असेल, हे तिने भलतंच ओळखलं.

बुधवारी मॅडमनी थांबायला शिकवलं. "प्रश्न आला की लगेच तोंड उघडायचं नाही. मनात दहा अंक मोजायचे. त्या शांततेत विचार खोल जातो." शिटी वाजली की प्रश्न, पुन्हा शिटी वाजली की उत्तर, असा दोन तास सराव झाला. वीस सुशिक्षित माणसं एकमेकांकडे बघत गप्प बसलेली पाहून चहावाला दारातूनच परत गेला.

आणि गुरुवारी आला तो फॉर्म. चौदा पानी. निधी मागायचा प्रस्ताव कसा लिहायचा, ते शिकण्यासाठी मॅडमनी युक्ती सांगितली की आधी घरातलाच एखादा प्रश्न घ्या आणि तो प्रकल्प म्हणून मांडा, म्हणजे हात बसेल. कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर लिहिलं, कुणी मेव्हण्याने नेलेल्या शिडीवर. गोगलसरांनी संगणकासमोर बसून शीर्षक टाकलं: 'दोन खोल्यांच्या घरात आत्याचं वास्तव्य.'

मॅडम मागून वाचत होत्या. त्यांनी दोन नियम सांगितले. "पहिला, लहान समस्येला कोणी विचारत नाही. समस्या मोठी करा. दुसरा, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे आळस."

गोगलसर म्हणजे जात्याच आज्ञाधारक. मेट्रनच्या हाताखाली वाढलेला माणूस. त्याने समस्या मोठी केली. मग अजून मोठी केली. आणि एकही रकाना सोडला नाही. शेवटच्या पानावर 'लाभार्थ्याचा संपर्क' असा एक रकाना होता. तो खरं तर संस्थांसाठी असतो. बाकी एकोणीस जणांनी तिथे रेघ मारली. शेजाऱ्याच्या कुत्र्याचा संपर्क कोण देणार? आमच्या गोगलसरांनी मात्र तिथे आत्याचा मोबाइल नंबर लिहिला. तपासून, दोनदा.

शुक्रवारी सगळ्यांचे प्रस्ताव नावं झाकून एकमेकांना तपासायला दिले गेले. प्रत्येकाला दोन परीक्षक. गोगलसरांच्या पहिल्या परीक्षकाने लिहिलं, 'उत्तम. टायपिंग स्वच्छ.' दुसऱ्या परीक्षकाने दीड पान लिहिलं. मॅडमनी दोन्ही वाचून जाहीर केलं की हा प्रस्ताव सगळ्यांत चांगला, उद्या शेवटच्या दिवशी हाच सर्वांसमोर मांडायचा. गोगलसरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इकडे कार्यालयातल्या तत्पर कारकुनाने फॉर्म उघडला, नियम पाहिला: परीक्षकांच्या अभिप्रायासह एक प्रत लाभार्थ्याला. त्याने नंबर पाहिला आणि प्रत धाडली.

संध्याकाळी गोगलसर शीळ घालत जिना चढला. दार उघडंच होतं. टेबलाशी आत्या बसली होती, नाकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल. समोर चौदा पानं आणि वर दीड पान. खालच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणलेली.

"बस," आत्या म्हणाली.

"काय वाचतेस?"

"माझा केसपेपर."

गोगलसरने वरचं पान पाहिलं आणि तो बसला. बसला कसला, खुर्ची नशिबाने तिथे होती.

"पान दोन," आत्याने चष्मा सावरला. "'लाभार्थी बैठकीच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापते.' मी टेप घेऊन मोजलं. ट्रंकेसकट धरलं तरी पाव भाग भरतो."

"आत्या, ते जरा मोठं करून..."

"पान तीन. 'पहाटे पाचला नळ सोडल्यामुळे कुटुंबाच्या झोपेवर दूरगामी परिणाम.' सूनबाई, माझ्यामुळे झोप मोडते का तुझी?"

"मला साडेपाचला उठायचंच असतं, आत्या," बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही आल्यापासून मी गजर लावत नाही."

"पान सहा. जोखीम. 'लाभार्थ्याचा हट्टी स्वभाव. शक्यता अतिशय जास्त.' हे बरोबर आहे. इथे मी खूण केलीय."

मग तिने वरचं दीड पान घेतलं. "आणि हे कोण ते परीक्षक. 'समस्येचं गांभीर्य पोहोचलं. मात्र लाभार्थ्याला अन्यत्र हलवण्याच्या पर्यायाचा विचार केलेला नाही. वसतिगृहात चांगली सोय होऊ शकते.' शिकलेला माणूस दिसतोय." पान सात तिने उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते मात्र वाचलं नाही. नुसतंच मिटलं.

"तुला तोंडावर सांगता येईना, म्हणून तू शर्टापासून सुरुवात केलीस. कळलं मला. मला फक्त एक सांग. मी जाऊ का मग, सोन्या?"

आता ऐका. ज्या माणसाला बोलायचं म्हणून पत्र आल्यापासून झोप नव्हती, त्याला देवाने समोरून प्रश्न आणून दिला होता. एक शब्द पुरला असता. पण बुधवारचा दोन तासांचा सराव अंगात भिनलेला. प्रश्न आला आणि गोगलसर मनात मोजायला लागला. एक. दोन. तीन. आत्या बघत होती. चार. पाच. बायकोने हाताने खूण केली. सहा. आत्याने चष्मा काढला. सात. चष्म्याचं घर टक्कन मिटलं. आठ म्हणेपर्यंत आत्या उठून आत गेली होती.

"तू काय करत होतास?" बायकोने विचारलं.

"थांबत होतो."

"कशासाठी?"

"उत्तर खोलातून यावं म्हणून."

वरच्या जबड्याची कवळी कुणी खालच्या जबड्यात बसवून आणावी, तशी बायको त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर त्याने दारावर टकटक केली, हाका मारल्या. "उद्या बोलू. मला सामान आवरू दे," एवढंच आतून आलं.

सकाळी फ्रिजवर पत्र नव्हतं. आत्याने मैत्रिणीला येते म्हणून कळवलं होतं. अकराची बस. गोगलसर ट्रंक उचलायला गेला तर तिने हात बाजूला केला. "तुझा शेवटचा दिवस आहे ना आज? प्रमाणपत्र मिळायचंय. खाडा करायचा नाही. सूनबाई, तूही कामाला जा. मला स्टँड माहीत आहे."

आणि खरं सांगतो, तो गेला. जन्मभर तिचं ऐकलेला माणूस, याही वेळी त्याने ऐकलं. बायको कामावर निघताना म्हणाली, "तू गोगलगाईंवर अभ्यास करत नाहीस. त्या तुझ्यावर करत असतील."

साडेदहाला तो बाकीच्या एकोणीस जणांसमोर उभा राहिला. मागे पडद्यावर भलं मोठं शीर्षक: 'दोन खोल्यांच्या घरात आत्याचं वास्तव्य.' मॅडमनी शिटी फुंकली. गोगलसरने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"छान," मॅडम म्हणाल्या, "उत्सुकता निर्माण केलीत. आता प्रकल्पाची सद्यस्थिती सांगा."

"लाभार्थी अकराच्या बसने निघालीय," गोगलसर म्हणाला.

सगळे खदखदून हसले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. फक्त शेवटच्या खुर्चीवरचा एक लुकडा तरुण हसला नाही. संख्याशास्त्र शिकवायचा, सहा दिवसांत सहा वाक्यं बोलला असेल. तो उभा राहिला.

"म्हणजे आत्या खरी आहे?"

"खरी म्हणजे?"

"मला वाटलं, उदाहरणादाखल घेतलीय." त्याचा चेहरा कागदासारखा झाला. "दुसरा परीक्षक मी होतो. माझी स्कूटर खाली आहे. चला."

"हजेरी पूर्ण नसेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही," मॅडम मागून म्हणाल्या. पण तोवर दोघं जिन्यात होते. गोगलसर आयुष्यात पहिल्यांदा दोन-दोन पायऱ्या उतरत होता.

"मी वाईट हेतूने नाही लिहिलं," वाऱ्यात तो संख्याशास्त्री ओरडून सांगत होता. "मी दहा वर्षांचा असल्यापासून वसतिगृहात राहतो. आत्ताही तिथेच आहे. खरंच चांगली सोय असते. पलंग मिळतो, दिवा मिळतो."

"आणि?"

पुढच्या सिग्नलला त्याने स्कूटर थांबवली. "आणि कुणी आपल्याबद्दल चौदा पानं लिहीत नाही," मग म्हणाला.

स्टँडवर बस लागलेली होती. आत्या बाकावर बसली होती, ताठ, ड्यूटीवर बसावी तशी, ट्रंकेवर एक हात. दोघांना धापा टाकत येताना बघून ती आधी घड्याळाकडे बघून म्हणाली, "प्रमाणपत्र?"

"राहिलं."

"खाडा केलास?"

"आजी, मी दुसरा परीक्षक," संख्याशास्त्री मध्येच म्हणाला आणि हात जोडून उभा राहिला.

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवतोस कुठे?"

"मेसमध्ये."

"दिसतंय."

"आत्या," गोगलसरने सुरुवात केली, "तू माझ्यासाठी इतकं केलंस, तू इतकी..."

"मधलं सांग."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग आत्याच बोलली, ट्रंकेच्या कडीशी चाळा करत. "सोन्या, मला राग नाही आला. जागा कमी आहे, खरं आहे. नळ वाजतो, खरं आहे. मी हट्टी आहे, तेही खरं. ते सगळं मी हसून वाचलं असतं. पण पान सात. 'प्रकल्पाची मुदत: तीन वर्षं.' चौथ्या वर्षी मी कुठे जायचं, एवढंच मला कळेना. तेव्हा माझे गुडघे याहून वाईट झालेले असतील. त्यापेक्षा आत्ता चालता येतंय तोवर गेलेलं बरं."

गोगलसर बाकावर तिच्या शेजारी बसला. "अगं, तिथे लिहिता येत नाही. बाण दाबला की यादी उघडते. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मी सगळ्यात खालचं घेतलं. त्याच्या खाली अजून काही आहे का, म्हणून सरकवूनही पाहिलं."

"खरं आहे," संख्याशास्त्री म्हणाला. "माझ्या फॉर्मलाही तीनच होतं."

"सरकवून पाहिलंस?" आत्याने विचारलं.

"दोनदा. नव्हतंच काही."

कंडक्टरने दारातून हाक मारली, "आजी, चढताय ना? सुटतेय गाडी."

"थांबा जरा," आत्या म्हणाली, आणि ज्या आवाजाला तीन वॉर्ड थांबायचे त्याला बसही थांबली. "मग समस्येच्या रकान्यात ते सगळं कशाला भरलंस?"

"आधी मी तिथे एकच ओळ लिहिली होती. मॅडम म्हणाल्या, ही भावना झाली, समस्या नाही. खोडा."

"काय लिहिलं होतंस?"

गोगलसरने खाली पाहिलं, बसकडे पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं. खिडकीतून सात-आठ माथी बाहेर आली होती. कुठलाही धडा आठवेना. कौतुक नाही, थांबणं नाही, काही नाही.

"आत्या, तू जाऊ नकोस," तो म्हणाला. आणि हे म्हणताना तो चार वर्षांचा असल्यासारखा दिसला, असं संख्याशास्त्र्याने नंतर सांगितलं. त्याने त्याला चार वर्षांचा असताना पाहिलेलं नव्हतं, तरी सांगितलं.

आत्याने पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर बाकीची पावणेचौदा पानं कशाला रे वाया घालवलीस?"

कंडक्टरने घंटी दिली आणि बस गेली. ट्रंक स्कूटरवर बसवून संख्याशास्त्री पुढे गेला. आत्या आणि भाचा मागून चालत निघाले, तिच्या गुडघ्यांच्या वेगाने. त्या वेगाची गोगलसरांना चांगली सवय होती. वाटेत आत्याने मैत्रिणीला फोन केला आणि म्हणाली, "माझी खोली दुसऱ्या कुणाला दे. नाही गं, तब्येत बरी आहे. भाचा हट्टी आहे." त्याच संध्याकाळी ट्रंक रिकामी झाली. सुनेने कपाटाचे दोन कप्पे मोकळे करून दिले, आणि आत्याने साड्या लावताना आधीच्या घड्या कशा चुकल्या आहेत ते तिला सविस्तर सांगितलं. कौतुकाविना.

वर्कशॉपचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. 'हजेरी अपूर्ण. पुढील वर्षी पुन्हा सहा दिवस बसावे.' गोगलसरांचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "बस की. काय बिघडतं? पण फॉर्म आला की आधी मला दाखवायचा."

तर मंडळी, हकिकत झाली. आता एक मागणं आहे. त्या संख्याशास्त्राच्या पोराला आत्याने दर रविवारी जेवायला यायला सांगितलंय. त्याचं ताट वाढलेलं असतं. पण पोरगं बुजरं. दोन रविवार तो तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, दारासमोर उभा राहिला आणि बेल न दाबताच परत गेला. आत्याला पावलं ऐकू आली, ती दार उघडेपर्यंत तो खाली पोहोचलेला. तेव्हा आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपलं मागून झाल्यावर त्याची एवढी आठवण ठेवा, की येत्या रविवारी त्याला बेल दाबायची बुद्धी होवो.